मोठं चाक मागे: सासऱ्यांसोबत दोन दिवसांत दोन क्रॅम्प्टन

"हे इंजिन तुमच्या जर्मनीत कुठे बघायला मिळेल गं?" असं म्हणत बाबांनी शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला, तेव्हा मी ऑफिसला निघाल्याचं नाटक करत होते.

नाटक अगदी साग्रसंगीत असायचं. सकाळी साडेसात, डबा, बॅग, गळ्यात ओळखपत्र. र्युसेल्सहाइमला एका छोट्या कंपनीत मी डिझेल इंजिनांच्या टेस्ट बेंचवर, म्हणजे इंजिन बसवून तपासायच्या चौथऱ्यावर, काम करायचे. २०१८च्या ऑगस्टअखेर माझा मुदतीचा करार संपला आणि पुढे वाढवला गेला नाही. डिझेलचे दिवस फिरले होते, त्यात कुणाचा दोष नव्हता. पण नेमके जुलैपासून बाबा, म्हणजे माझे सासरे, तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आलेले. कुर्डुवाडीच्या नॅरोगेज वर्कशॉपमध्ये त्यांचं आयुष्य गेलं, वाफेच्या इंजिनांचे फिटर म्हणून. मुलगा कॉम्प्युटरकडे वळला याचं त्यांना कधी फार सुख नव्हतं, पण सून इंजिनवाली मिळाली म्हणून गावभर पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. "आमच्या घरातलं इंजिन सुनेकडे गेलं," हे वाक्य मी किमान पंचवीस वेळा ऐकलंय.

नवरा, संदीप, ड्रेस्डेनला चिप बनवणाऱ्या कारखान्यात. पंधरा दिवसांनी एकदा घरी. त्याने फोनवर फर्मान काढलं, "बाबांना इतक्यात काही सांगू नकोस. त्यांना बीपी आहे. सुखाने परत जाऊ देत, मग बघू." मोठ्यांना वाईट बातमी सांगायची नाही ही आपल्याकडची जुनी रीत. मी ती पाळली. रोज डबा घेऊन बाहेर पडायचे आणि मासिक पासावर जिथे गाडी जाईल तिथे जायचे. माइन्त्सचं वाचनालय, ऱ्हाइनकाठचा बाक, परत वाचनालय. एका जागी वीस मिनिटांवर बसवत नव्हतं. डबा मात्र रोज संपवायचे, कारण तो बाबा घासायचे.

आणि एक गोष्ट मी त्यांच्यापासून लपवली होती. संदीपच्याच गावात, दुसऱ्या एका चिप कारखान्यात, मला नोकरी देऊ केली होती. यंत्रांच्या देखभालीची. उत्तर सोमवारी दुपारपर्यंत द्यायचं होतं. बाबांचं विमान मंगळवारी. नोकरी धरली तर इंजिनं कायमची सुटणार, सोडली तर घरचं गाडं कसं चालणार, हे दळण माझ्या डोक्यात दिवसरात्र चालू होतं. अशात बाबांनी तो कागद पुढे केला.

कागदावर पेन्सिलीचं चित्र. बुटकं, लांबलचक बॉयलर, पुढे छोटी चाकं, आणि अगदी मागे, ड्रायव्हरच्या पायाशी, माणसापेक्षा उंच एकच मोठं चाक. बाबा अप्रेंटिस असताना त्यांच्या ट्रेनिंग स्कूलच्या भिंतीवर जुन्या इंजिनांचा एक तक्ता होता. त्यातलं हे एक. "मी मास्तरांना विचारलं होतं, चाक मागे का? मास्तर म्हणाले, बघशील तेव्हा कळेल. पन्नासवर वर्षं झाली. अजून काही बघितलं नाही."

मी फोनवर शोधलं. या जातीला क्रॅम्प्टन म्हणतात. दीड शतकापूर्वीची एक्सप्रेस गाड्यांची इंजिनं. एक आमच्यापासून दोनेक तासांवर, नॉयश्टाटला होतं. शनिवारी निघायचं ठरलं. खरं सांगायचं तर मला निमित्तच हवं होतं. दोन दिवस घरात बाबांच्या समोर बसून राहण्याची माझी छाती नव्हती.

शनिवार: नॉयश्टाट

जायचं असेल त्यांच्यासाठी: शनिवार-रविवारचं जे स्वस्त तिकीट मिळतं, त्यावर पाच जणांपर्यंत कुठल्याही साध्या गाडीने दिवसभर फिरता येतं. जलद गाड्या चालत नाहीत. आम्ही तिघे, मी, बाबा आणि माझी नऊ वर्षांची इरा, पन्नास युरोंच्या आत सुटलो. आधी एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, माइन्त्स, मग लुडविग्सहाफेनला गाडी बदलून नॉयश्टाट. वाटेत दोन्हीकडे द्राक्षांचे मळे. सप्टेंबरअखेर असल्याने तोडणी चालू होती. बाबांना सोलापूरकडच्या द्राक्षबागा आठवल्या आणि त्यांनी इथल्या वेलींची उंची, ओळींमधलं अंतर, तारा, सगळ्याची तपासणी केली. मी दर पाच मिनिटांनी फोन बघत होते.

"आई, दू वाकेल्स्ट," इरा म्हणाली. पाय हलवतेस, म्हणाली. इराला मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये येतं.

"पायाला भिंगरी लागलीय तिच्या," बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले. चोराच्या मनात चांदणं, तशी मी दचकले आणि पाय आवळून बसले.

संग्रहालय स्टेशनाला लागूनच आहे, जुन्या लोको शेडमध्ये. वेगळी बस वगैरे करावी लागत नाही. चालू आहे ना ते मात्र आधी बघून जा, रोज उघडं नसतं. आत शिरताच तेल, राख आणि थंड लोखंडाचा वास. बाबा उंबऱ्यातच थांबले आणि त्यांनी मोठा श्वास घेतला. मग म्हणाले, "आलो बघ वर्कशॉपात."

आणि ते होतं. चित्रातल्यासारखंच. बॉयलर इतका खाली की इराला त्याच्या पाठीवर हात ठेवता आला असता. आणि मागे ते चाक, तांबडे आरे असलेलं. ड्रायव्हरला छप्पर नाही, भिंत नाही. तो बिचारा दोन प्रचंड चाकांच्या मधोमध उघड्यावर उभा.

मी पाटी वाचून बाबांना सांगू लागले. त्या काळी इंजिनिअरांना भीती असायची की बॉयलर उंच बसवला तर वेगात गाडी कलंडेल. पण वेग हवा तर चाक मोठं हवं, एका फेऱ्यात जास्त अंतर कापणारं. मोठं चाक आणि खाली बॉयलर, दोन्ही एका जागी मावेनात. म्हणून एका इंग्रजाने चाक उचलून थेट भट्टीच्या मागे नेलं. गंमत म्हणजे त्याच्या स्वतःच्या देशात ही इंजिनं फारशी कुणी घेतली नाहीत. फ्रान्सने आणि इथल्या जर्मन संस्थानांनी मात्र डोक्यावर घेतली.

"म्हणजे तुझ्यासारखं," बाबा म्हणाले. "घरचं सोडून परदेशात नाव काढलं."

मी पुढच्या डब्यांकडे बघायला निघाले, आणि मागून आवाज आला. टण्.

वळून बघते तर बाबा खाली वाकलेले, हातात आमच्या घराची किल्ली, आणि त्या चाकाच्या धावेवर ठोकून कान लावून ऐकतायत. टण्. तडा गेलेलं चाक बद वाजतं, धड असेल तर खणखणतं. ड्यूटीवर पहिलं काम ते. पण हे संग्रहालय! निळ्या डगल्यातले एक आजोबा "हालो! नाइन, नाइन!" करत धावत आले.

बाबा शांतपणे सरळ झाले. त्यांनी आधी स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं, मग चाकाकडे, आणि अंगठा वर केला. ते आजोबा दोन क्षण बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "आख, आइझनबानर!" म्हणाले. रेल्वेवाले! त्यांनी आपल्या खिशातली जाड किल्ली काढली आणि धावेवर पलीकडच्या बाजूला ठोकलं. दोघे म्हातारे डोकं एका बाजूला कलतं करून ऐकत उभे.

"गेनाऊ," निळे आजोबा म्हणाले.

"चोख आहे," बाबा म्हणाले.

मग ते आजोबा इराशी काहीतरी बोलले. इराचा चेहरा पडला. ती बाबांजवळ गेली आणि चक्क मराठीत, अडखळत, म्हणाली, "आजोबा, हे... हे ते नाहीये. हे नाखबाउ आहे. म्हणजे परत बनवलेलं. जुनं मोडलं, मग खूप नंतर लोकांनी तसंच नवीन बनवलं."

बाबांनी चाकावरचा हात काढला नाही, पण बोटं सैल पडली. "नक्कल?"

"बनावट नाही हो बाबा," मी घाईने म्हटलं, "तेही शंभर वर्षांच्या जवळ आलंय. मापं तीच आहेत."

"काम केलं नाही ना त्याने," ते म्हणाले. "रोज उठून गाडी ओढली नाही. दिसतं तसंच, पण ड्यूटी केलेली नाही."

मला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. रोज सकाळी गळ्यात ओळखपत्र घालून निघणारी मी.

गावात उतरलो. नवी वाइन आलेली होती, गढूळ, गोडसर, अजून आंबत असलेली. तिच्या बाटलीचं झाकण घट्ट लावत नाहीत, नाहीतर फुटते, म्हणून घरी न्यायची तर उभीच न्यावी लागते. बाबांनी घोटभर चाखून तोंड वाकडं केलं. तिच्याबरोबर त्स्वीबेलकूखन खातात, कांद्याचा जाड पोळा समजा. शाकाहारी असाल तर "ओने श्पेक" मागा, एरवी त्यात डुकराचं मांस असतं. आम्हाला तिसऱ्या दुकानात मिळाला. बाबांनी तो मन लावून खाल्ला, पण नजर कुठेतरी दुसरीकडेच.

"खरं कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"न्युर्नबेर्गला एक आहे. लांब आहे बाबा. साध्या गाड्यांनी चार तास."

"उद्या रविवार. तुला सुट्टीच असेल ना?"

असेल ना, म्हणाले. हा प्रश्न मी रात्रभर चघळला.

रविवार: न्युर्नबेर्ग

फ्रँकफुर्टहून वुर्त्सबुर्ग, तिथून न्युर्नबेर्ग. सकाळी लवकर निघा, म्हणजे जेवणाच्या वेळेला पोचता. गेम्युंडेनच्या पुढे उजव्या बाजूला बसा, माइन नदी अगदी खेटून चालते. मी बसलेच नाही. दोन डब्यांमधल्या जागेत उभी राहिले. ड्रेस्डेनच्या कंपनीला लिहायचं उत्तर फोनवर टाइप करायचं, खोडायचं. "होय" लिहिलेलं एक आणि "नाही" लिहिलेलं एक, असे दोन मसुदे तयार होते. दोन्ही वाचून मला रडूच येत होतं. बेंचवर इंजिन पहिल्यांदा सुरू होतं तेव्हा जमीन पायाखाली जशी थरथरते, ते पुन्हा कधी मिळणार नव्हतं. पण संदीपची दर पंधरवड्याची धावपळ, इराचं "पपा कधी येणार", घराचं भाडं, हे सगळंही खरंच होतं.

स्टेशनावरून संग्रहालय चालत दहा मिनिटांवर. वाटेत इराने इथले प्रसिद्ध बोटाएवढे तीन सॉसेज पावात घालून घेतले, तेव्हा शाकाहारी बाबांनी समोरच्या चर्चच्या मनोऱ्यात फारच रस घेतला. आपण सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली असेल तर चिंता नाही. आम्ही नेली होती.

आणि मग ते इंजिन. याचं चाक नॉयश्टाटच्यापेक्षाही मोठं, बाबांच्या डोक्यावर वीतभर जाणारं. याने मात्र ड्यूटी केलेली. बाडेन संस्थानात खऱ्या माणसांच्या खऱ्या एक्सप्रेस गाड्या ओढलेल्या. इथे "हात लावू नये"ची पाटी होती आणि बाबांनी ती न वाचताच ओळखली. दोन्ही हात पाठीमागे बांधून ते चाकासमोर उभे राहिले. पाच मिनिटं. दहा मिनिटं. इरा पलीकडे मॉडेल रेल्वेचं बटण दाबायच्या रांगेत लागली. मी दोनदा पूर्ण दालन फिरून आले.

"बाबा, चला ना. वर अजून बरंच बघण्यासारखं आहे. आणि चारनंतरच्या गाडीला गर्दी होईल."

"बस जरा."

"अहो पण..."

"केतकी, बस."

मी बाकावर बसले. तेही शेजारी बसले.

"पुढे काय झालं यांचं, ते वाच."

मी पाटीवरचं सांगितलं. ही इंजिनं पळायला फार चांगली. शांत, सरळ, वेगवान. पण ओढणारं चाक एकच, आणि सगळं वजन पुढच्या बॉयलरचं, त्या चाकावर भार कमी. हळूहळू प्रवासी वाढले, डबे वाढले. सुटताना हे चाक नुसतंच जागेवर फिरू लागलं. मग दोन-दोन, तीन-तीन चाकं एकत्र जोडलेली इंजिनं आली. आणि बॉयलर उंच बसवला तरी गाडी कलंडत नाही हेही कळलं. या जातीची गरजच संपली.

बाबा बराच वेळ मान हलवत राहिले. "म्हणजे इंजिनात खोट नव्हती. गाडी जड झाली."

मी दुसरीकडे बघितलं.

"तुझ्या जॅकेटला किती दिवस वास नाही, माहितीये का?" ते चाकाकडेच बघत म्हणाले.

"काय?"

"मी आलो तेव्हा तू संध्याकाळी दार उघडून आत आलीस की डिझेलचा वास यायचा. खुंटीजवळून जाताना मी मुद्दाम थांबायचो. बरं वाटायचं. गेला महिनाभर जॅकेटला नुसता साबणाचा वास. आणि डबा. पूर्वी अर्धा उरायचा, कामात राहून जायचा. आता चाटूनपुसून."

आधी लाज वाटली, मग राग आला, स्वतःचाच. मग इतकं हलकं वाटलं की मी त्या दालनात, त्या सगळ्या लोकांसमोर, ओढणी तोंडावर धरून रडले. बाबांनी पाठीवर हात ठेवला नाही, तो त्यांचा स्वभाव नाही. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली.

"संदीप म्हणाला होता, तुम्हाला त्रास होईल..."

"तो लहान होता तेव्हाची गोष्ट. स्टीम बंद झालं. मला पंपावर बसवलं. टाकीत पाणी चढवायचं, बास. मी घरी सांगितलं नाही. तुझ्या सासूला वाटायचं, नवरा इंजिनं दुरुस्त करतो. रोज घरी यायच्या आधी शेडच्या मागे जायचो आणि कपड्यांना ग्रीस फासायचो." ते हसले. "सहा महिने. एक दिवस ती कपडे भिजवता भिजवता म्हणाली, अहो, ग्रीस निघायला त्रास होतो, उद्यापासून नका लावू. कोळशाचा वास येत नाही तर नुसतं ग्रीस कशाला?"

मी रडता रडता हसले.

"तिला पहिल्या आठवड्यात कळलं होतं. सहा महिने तीही बोलली नाही. मला वाईट वाटेल म्हणून. दोघं एकमेकांना सांभाळत बसलो, आणि त्या सहा महिन्यांत घरात एक वाक्य धड बोललो नाही." मग ते माझ्याकडे वळले. "तू तसं करू नकोस."

मी त्यांना ड्रेस्डेनचं सगळं सांगितलं. पगार, काम, सोमवारची मुदत. आणि हेही, की तिथे गेले तर इंजिन संपलं, तुमच्या घरातलं इंजिन माझ्या हातून जाणार.

"पंपावर मी अकरा वर्षं काढली," बाबा म्हणाले. "वाईट होता का पंप? नव्हता. गावाला पाणी मिळायचं. वाईट होतं ते ग्रीस." पुढे त्यांनी नोकरी घे म्हटलं नाही, सोड म्हटलं नाही. उठून पुन्हा चाकासमोर गेले, आणि इराला बोलावून चाक मागे का ते त्यांनी तिला समजावलं. ती मराठीत तीन प्रश्न विचारून गेली.

परतीच्या गाडीत मी जागा पकडली आणि वुर्त्सबुर्गपर्यंत झोपले. महिन्याभरात पहिल्यांदा.

घरी

सोमवारी सवयीने साडेसहाला जाग आली. ओट्यावर डबा भरून ठेवलेला. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा पोहे केले होते, हळद सढळ हाताने. "जायचं असेल तर जा," म्हणाले, "फक्त कुठे ते सांगून."

मी कुठेच गेले नाही. त्यांच्यासमोर, स्वयंपाकघरातूनच ड्रेस्डेनला फोन लावला. एकही शब्द न कळता बाबा पूर्ण वेळ कान देऊन ऐकत होते. मी "जा" म्हटलं, म्हणजे होय, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून, निळ्या आजोबांना दाखवला होता तसाच, अंगठा वर केला.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. संदीप, इरा आणि मी ड्रेस्डेनला एका घरात राहतो. दोन इंजिनांपैकी एकच बघायला वेळ असेल तर कुठलं, असं मला माइन्त्सकडच्या मैत्रिणी विचारतात. मी म्हणते, नॉयश्टाटचं बघा, जवळ आहे, जेवायला मजा येते. पण न्युर्नबेर्गला जाल तर त्या मोठ्या चाकासमोर एक बाक आहे, त्यावर जरा टेका. बेंचवरची ती थरथर मला अजून आठवते, आणि कधी कधी फार आठवते. ते खोटं कशाला सांगू.

मागच्या रविवारी बाबांचा कुर्डुवाडीहून फोन आला. इराशी मराठीत बोलून झालं. मग मला म्हणाले, "नव्या कामाचा जॅकेटला कसला वास येतो गं?"

"कसलाच नाही बाबा. तिथे डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा घालतात. वास आलाच तर अलार्म वाजतो आणि सगळे बाहेर पळतात."

"मग काही बिनसलं तर मला कळणार कसं?"

"मी सांगेन ना, बाबा."